आधी तू उचल

मेथीचे दोन वाटे लावून झाले की ती हात मागे घ्यायची, मान जराशी तिरकी करायची, दोन्ही ढिगांकडे बघायची, आणि मग या ढिगातली एक काडी उचलून त्या ढिगावर ठेवायची. एका काडीने काय फरक पडत होता ते तिलाच ठाऊक. पण ती काडी इकडची तिकडे गेल्याशिवाय वाटा पुरा व्हायचा नाही. गिऱ्हाईक घाईत असायचं. "मावशी, द्या ना कोणताही." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर: "मी लावले. आता तू उचल. लावणाऱ्यानं आधी उचलायचं नसतं."

पंचवटीत भाजी घेत असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी गोणपाट टाकून बसायची. अंगाने काटकुळी, आवाज मात्र रिक्षाच्या हॉर्नवर मात करणारा. मखमलाबादकडच्या मळ्यातून मेथी, कोथिंबीर, पालक आणायची. तिच्या गोणपाटावर तराजू नव्हता. "तराजूत दांडी मारता येते," म्हणायची. "वाट्यात कशी मारशील? गिऱ्हाईकच उचलतंय."

तिचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या कामात पेशंटचं नाव कागदावर लिहायचं नसतं, नंबर लिहायचा असतो. नंबरही सांगणार नाही. मावशी एवढंच पुरे.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी चांदवडची. वडील कांदा मार्केटमध्ये हमाल होते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर-वकील आहेत त्यांनी विनय दाखवावा, मला अजून तो परवडत नाही. बी.एस्सी. झाले, नाशिकला आले, पंचवटीत खोली घेतली आणि गंगापूर रोडवर एका औषधाच्या अभ्यासात नोकरीला लागले.

औषध तसं जुनंच. विषाणूंच्या आजारांवर ते आधीपासून दिलं जायचं. ते शरीराची स्वतःची लढायची ताकद जागी करतं असं म्हणतात. म्हणून कुणाच्या तरी मनात आलं, की जो टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही त्याच्या उपचाराला याची जोड देऊन बघावी. उपयोग होतो की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. ते शोधण्यासाठीच अभ्यास होता. पेशंटना समजावणं, त्यांच्या सह्या-अंगठे घेणं, गोळ्या देणं, घरी जाऊन विचारपूस करणं हे माझं काम.

मावशी एकदा बाजारातून दिसेनाशी झाली. तिच्या गोणपाटाच्या जागेवर शेजारच्या भाजीवालीने आपल्या टोपल्या सरकवल्या. मी विचारलं तर म्हणाली, "तिच्या घरात छातीचा आजार शिरला ना. लेक गेला मागंच. आता सासू-सून दोघींना धरलंय."

आणि काही आठवड्यांनी तीच मावशी तोंडाला मास्क लावून आमच्या ऑफिसच्या दारात उभी. मागे तिची सून. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, तरी मी ओळखलं. तिनेही ओळखलं. "अगं बया, ही तर आपली पालकवाली ताई! तुम्ही इथं डॉक्टर हाय का?"

"डॉक्टर नाही मावशी. अभ्यासाचं काम बघते."

"एवढी शिकली आन् अजून अभ्यासच चाललाय?"

सून हसली आणि हसताना खोकली. खोकला थांबेना. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं हसू मी विझताना पाहिलं.

लेक टेम्पो चालवायचा. त्याला टीबी झाला, गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं, त्याने सोडल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा सोडल्या. मग तो आजार गोळ्यांना सरावला. जाताना तो घरात आजार ठेवून गेला. तोच सरावलेला आजार आता दोघींच्या छातीत होता. मावशी हे सगळं एका दमात सांगायची आणि शेवटी एकच वाक्य म्हणायची: "लेक गेला. ही जाऊ द्यायची नाय."

यात माया किती आणि धाक किती हे सांगणं अवघड आहे. "ही गेली तर लोक म्हणतील, आधी लेक खाल्ला, मग सून खाल्ली." असंही ती म्हणायची, आणि तेही सुनेच्या तोंडावर.

"आत्या, मी अजून जिवंत आहे," सून म्हणायची.

"म्हणून तर सांगते. मेल्यावर कुणाला सांगू?"

सून सटाण्याकडची. बारावी शिकलेली, बोलायला नीटनेटकी, पण चिडली की माहेरची अहिराणी तोंडात यायची. "आत्या, तुमनं डोकं फिरेल शे!" मग मावशी माझ्याकडे बघून डोळा मारायची. "आली बघा शे-शे करायला. म्हणजे आज तब्येत बरी हाय."

या दोघींची एक गोष्ट सांगते. एका खोलीत त्यांच्या दोन शेगड्या होत्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघींचं बिनसलं होतं. मिठावरून बिनसलं असं एक म्हणायची, तिखटावरून असं दुसरी. मधल्या मध्ये लेक दोन्हीकडे जेवायचा आणि दोघींना सांगायचा, तुझंच चांगलं आहे. तेव्हापासून संध्याकाळी जी भाजी उरेल तिचे दोन वाटे व्हायचे. मावशी लावायची. सून आधी उचलायची. कितीही भांडण झालेलं असो, वाट्यावरून मात्र कधी भांडण नाही.

लेक गेला तरी शेगड्या दोनच राहिल्या. मग दोघी आजारी पडल्या. सुनेला उभं राहवेना, म्हणून मावशी एकाच शेगडीवर रांधायला लागली. डॉक्टरांनी बाजारात बसायला बंदी केली होती, तेव्हा शेजारची भाजीवाली उरलंसुरलं दारात ठेवून जायची. मावशी त्याचे दोन वाटे लावायची. काडी इकडची तिकडे करायची. "आधी तू उचल." सून अंथरुणावरून बोट दाखवायची. मग मावशी दोन्ही वाटे एकाच पातेल्यात टाकायची.

मी म्हटलं, "मावशी, एकाच पातेल्यात जाणार तर वाटे कशाला?"

"रीत मोडली की घर मोडतं, ताई."

तर अशा बाईला मी अभ्यासाचा कागद वाचून दाखवत होते. नेहमीच्या गोळ्या दोघींच्या चालूच राहणार. त्यांच्या जोडीला एक गोळी. अभ्यासातल्या अर्ध्या लोकांना औषधाची गोळी मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी, जिच्यात औषध नाही.

"म्हणजे एकीला खरी, एकीला खोटी," मावशी म्हणाली.

"तसं नाही. दोघींना औषधाची येऊ शकते. दोघींना साधी येऊ शकते. किंवा एकीला ही, एकीला ती."

"तेच म्हणते मी. एकीला खरी, एकीला खोटी."

मी पुन्हा समजावलं. सुनेला समजलं. मावशीने मान डोलावली, पण ज्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला मान डोलावली आहे त्यांच्या मान डोलावण्यावर विश्वास ठेवू नये.

"कुणाला कुठली ते ठरवतं कोण? तुम्ही?"

"नाही. मला माहीतच नसतं."

"मग डॉक्टर?"

"त्यांनाही माहीत नसतं. माहीत असलं तर मन तिकडे झुकतं. कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे वाटे लावतो तो, आन् उचलतो पण तोच?" ती खरोखर चिडली होती. "आन् कुणी बघत पण नाय?"

असं कुणी विचारेल असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. "नको असेल तर भाग घेऊ नका मावशी. उपचार तसेच चालू राहतील," हे मात्र मी सांगितलं, कारण ते सांगायचंच असतं.

ती सुनेकडे बघत राहिली. सुनेच्या गळ्याची हाडं वर आली होती. "घेतो भाग," मावशी म्हणाली. "हिला खरी आली तर?"

तिने अंगठा दिला, सुनेने सही केली. दोघींना एकसारख्या दोन बाटल्या मिळाल्या. फरक फक्त लेबलावरच्या नंबरात.

पुढच्या वेळी दोघी आल्या तेव्हा मावशी खुशीत होती. सुनेचा खोकला जरा कमी होता, तोंडावर किंचित तरतरी होती. मी म्हटलं, बाटल्या दाखवा. मावशीने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. लेकाचा जेवणाचा डबा होता तो, कडी ढिली झालेला. तिने टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत गोळ्या. सगळ्या एकत्र.

"हे काय?"

"दोन्ही बाटल्या एक केल्या," ती म्हणाली. "रोज सकाळी दोन वाटे लावते. ही आधी उचलते. आता काय व्हायचं ते दोघींना सारखं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी पिशवीत डोकावून बाटल्या शोधल्या.

"बाटल्या कुठे आहेत?"

"धुतल्या. एकीत हळद भरली, एकीत हिंग. काचेवानी चांगल्या हाय."

सून खाली बघत होती. तिला माहीत होतं हे चुकीचं आहे. मी तिला विचारलं, "तुम्ही तरी सांगायचं ना यांना?"

"सांगितलं होतं ताई. म्हणाल्या, तू खोटीवर मरशील आणि मी खरीवर जगू का? तसलं जगणं मला नको, म्हणाल्या. रडायला लागल्या. मग मी आधी उचलायला लागले."

मी डबा बंद केला. त्या क्षणी मी डबा परत दिला असता आणि गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं का? नसतं. पण मी गप्प बसले नाही. डॉक्टरांना सांगितलं, कागदावर लिहिलं. पुन्हा तशी वेळ आली तरी लिहीन. ज्या औषधाने पुढे हजारो लोकांचा टीबी बरा होईल की नाही हे ठरायचं आहे, त्याच्या हिशेबात माझी दया मिसळता येत नाही. ती मिसळली तर तो दुसरा डबाच होईल.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी डबा उघडून एक गोळी बोटात धरून पाहिली. मग म्हणाले, "आता कुणी काय घेतलं ते कोण सांगणार?" वरून निर्णय आला. दोघींची अभ्यासाची गोळी बंद. नेहमीचे उपचार चालू. तपासण्या चालू. घरी जाऊन विचारपूसही चालू.

हे सांगायला मला जावं लागलं.

मावशीने शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं, जणू बाहेरच्यांनी ऐकू नये. "चूक माझी हाय ना? मग मला काढा. तिची चालू ठेवा."

"तसं होत नाही मावशी."

"मी लिहून देते. अंगठा देते."

"त्याने काही होणार नाही."

"ताई, तुम्ही माझ्याकडनं पालक नेला. कधी पिवळं पान दिलं का तुम्हाला?"

"नाही दिलं."

"मग?"

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या जिन्यात बसलेली. तिसऱ्या दिवशीही. वॉचमन उठवायचा, ती पायरी बदलायची. एकदा तिने कोथिंबिरीची जुडी आणली. मी म्हटलं, आम्हाला काही घेता येत नाही. तिने जुडी जिन्यातच ठेवली. दुपारपर्यंत कोथिंबीर सुकली, तरी ती तिथेच. जाताना मला म्हणाली, "खोटी द्या, खोटी. ज्यात काय नाय ती. तिला वाटतं ती खरी हाय. तिचं मन अडकलंय त्या डब्यात. एक खोटी गोळी द्यायला तुमच्या कॉम्प्युटरचं काय जातं?"

मी रिक्षात बसून घरी गेले. त्या दिवशी मी जेवले नाही. एवढंच सांगते.

तिची भीती खरी होती. सुनेचं मन खरंच त्या डब्यात अडकलं होतं. डबा गेला तशी ती भिंतीकडे तोंड करून निजू लागली. तिचा भाऊ सटाण्याहून आला, बोळात उभा राहिला, घरात शिरला नाही. "घरी लहान लेकरं आहेत," म्हणाला, "नाहीतर नेली असती." पेरूंची पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेला. त्यानंतर तिने नेहमीच्या गोळ्याही नको म्हटल्या. त्या गोळ्या घेणं सोपं नसतं. मळमळ, पोटात आग, तोंडाला कडवट चव, सांधे धरतात. "त्यांनीही घेतल्या होत्या," ती नवऱ्याबद्दल म्हणायची. "काय झालं?"

मी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. समुपदेशनाला एक बाई आल्या, त्यांनीही समजावलं. सून सगळ्यांचं ऐकायची. ऐकून भिंतीकडे वळायची.

एके सकाळी मी गेले तेव्हा मावशी खोलीच्या मधोमध बसली होती. पुढे दोन ताटल्या. एकीत तिच्या नेहमीच्या गोळ्या, एकीत सुनेच्या. मी आधी धसकले.

"मिसळल्या नाहीत ना?"

"नाय. ज्याचं पाकीट त्याचं. शिकले मी." मग सुनेकडे वळून म्हणाली, "आधी तू उचल."

सून भिंतीकडे वळली.

"नाय उचललं तर मी पण नाय उचलणार. लावणाऱ्यानं आधी उचलायचं नसतं."

"आत्या, नका करू असं."

"मी काय केलं? मी बसलेय."

आणि ती बसली. मी मध्ये पडायला गेले, तिने हाताने थांबवलं. सकाळ गेली, ऊन उंबऱ्यातून आत आलं आणि ताटल्यांवरून सरकून गेलं. मला दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं, मी गेले. दुपारी परत आले तरी ताटल्या तशाच. मावशीला खोकल्याची उबळ आली. ती पदराआड खोकली. पदर बाजूला केला तेव्हा त्यावर तांबडा डाग होता. तिने तो घडीत लपवला. सुनेने पाहिलं.

सून उठून बसली. तिने आपल्या ताटलीतली एक गोळी उचलली, गिळली. मग दुसरी. प्रत्येक गोळीला चेहरा वेडावाकडा करत होती. मावशी तिच्या घशाकडे बघत होती, आत गेली की नाही. सगळ्या संपल्यावर मावशीने आपल्या उचलल्या.

"तुमनं डोकं फिरेल शे," सून म्हणाली.

"आली शे-शे करायला," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळा मारायला गेली. पण डोळ्यात पाणी होतं, त्यामुळे दोन्ही मिटले गेले.

त्यानंतर रोज तेच. ती ताटल्या लावायची, सून आधी उचलायची. न उचलावं तर म्हातारी गोळ्यांवाचून आजाराला सामोरी जाणार हे सुनेला कळलं होतं. मी कितीतरी पेशंटना गोळ्या घ्यायला लावलं आहे. गोडीने, रागावून, भीती घालून. कुणी स्वतःचा जीव असा ताटलीत मांडून बसलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

सुनेच्या थुंकीची तपासणी हळूहळू साफ येऊ लागली. मावशीची आली नाही. तिची छाती आधीच पोखरली होती. लेकाच्या आजारपणात ती त्याच्या उशाशी बसायची, त्याच्या ताटात जेवायची, आणि स्वतःच्या खोकल्याला सर्दी म्हणत राहिली होती. डॉक्टर म्हणाले, आपण सगळं करतोय. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा काय समजायचं ते मी तोवर शिकले होते.

मावशीने मला एकदाच विचारलं, अगदी हळू, सून पाणी भरायला गेलेली असताना. "ताई, खरं सांगा. त्या डब्यातल्या खऱ्या कुणाच्या होत्या?"

"मला माहीत नाही मावशी. शपथ."

"तिच्या होत्या असं सांगा ना."

"कसं सांगू?"

"नाय सांगता येत तर राहू द्या." मग म्हणाली, "माझ्या खऱ्या असल्या तर बरं. अर्ध्या तर तिच्या पोटात गेल्या."

ती गेली ते मला सुनेने सांगितलं. सकाळची वेळ होती. ताटल्या लावलेल्या. "आधी तू उचल," ती म्हणाली, सुनेने उचलल्या, पाणी प्याली, तांब्या पुढे केला. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तांब्या धरायला हात वर केला आणि तो तसाच खाली आला. मग खोकला, आणि मग रक्त. बोळात रिक्षा येत नाही म्हणून दोघा शेजाऱ्यांनी उचलून वर रस्त्यावर नेलं. दवाखान्याच्या दारात संपलं.

"मी उचलल्या होत्या ताई," सून मला परत परत सांगत होती. "मी आधी उचलल्या होत्या. त्यांनीच नाही उचलल्या." मी तिचा हात धरून बसले. खोलीत दोन ताटल्या होत्या. एक रिकामी. एकीत गोळ्या तशाच.

नंतर आमच्या अभ्यासाच्या नियमांत एक ओळ आली. एका घरातून दोघं आले तर दोघांना एकाच गटात घालायचं. दोघांना औषधाची, नाहीतर दोघांना साधी. मावशीला न्याय देण्यासाठी कुणी ती ओळ घातली असं मी म्हणणार नाही. पुन्हा कुणी डबा करू नये म्हणून घातली. पण एकदा मी भद्रकालीतल्या दोन भावांना तो कागद वाचून दाखवत होते, आणि मोठा भाऊ म्हणाला, "मतलब दोनों को एकच मिलेगा?" मी म्हटलं, "एकच." "बस, फिर झगडाच नाही," तो म्हणाला आणि सही केली. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच उभी राहिले.

औषधाचा उपयोग होतो की नाही, ते मला अजून माहीत नाही. कुणाच्या बाटलीत काय होतं, ते कुलूप अजून उघडलेलं नाही. सगळे पेशंट पुरे झाल्यावर उघडेल. मी ही नोकरी धरून आहे त्याचं ते एक कारण आहे. मावशीच्या नंबरापुढे काय लिहिलंय ते मला बघायचंय. बघून काय करणार, ते विचारू नका.

परवा मी बाजारात गेले होते. बोळाच्या तोंडाशी गोणपाट टाकलेलं, आणि त्यावर सून. उपचार पुरे झालेत, अंगावर थोडं मांस आलंय. आवाज मात्र नाही. गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं की एकदा उत्तर देते. दिवे लागायची वेळ होती. ती आवरत होती. उरलेली मेथी तिने पुढे घेतली आणि दोन वाटे लावले. मग हात मागे घेतला, मान तिरकी केली, आणि एक काडी इकडची तिकडे केली.

आणि थांबली.

घरी एकटीच असते ती. एकच शेगडी. दोन वाटे कशाला लावले, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं असावं. ती वाट्यांकडे बघत राहिली. लावणाऱ्याने आधी उचलायचं नसतं. बाजूने लोक, स्कुटर, रिक्षा जात होत्या, आणि तिला काही उचलता येईना.

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. तिने वर पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "आधी तुम्ही उचला."

आमच्या कामात पेशंटकडून काही घ्यायचं नसतं. मी हात पुढे केला. त्यातल्या त्यात लहान बघून उचलावा म्हणून मी दोन्ही वाटे नीट निरखले.

दोन्ही सारखेच होते.